लाल ठिपक्याचे सेल

"शूऽऽ! निरोप सुरू झाले!"

आजोबा एरवी ओरडत नसत. दिवसभरात बोलायचे तेच मुळी मोजकं. पण दुपारचे बारा वाजले की त्यांना कंठ फुटायचा, कारण तेव्हा रेडिओवर निरोप वाचले जात. कोइमो बेटावर फोन नव्हता, वीज नव्हती, टपाल यायचं ते होडीच्या मर्जीने. कोण वारलं, कोण बाळंत झालं, कुणाला उतरवून घ्यायला धक्क्यावर बैल आणायचे, हे सगळं आठच्या आठ घरांना रेडिओच सांगायचा.

रोमिनाने सोलता सोलता हातातला बटाटा टोपलीत टाकला. तिचा मामेभाऊ लाउतारो मात्र चावतच राहिला.

"चावू नकोस रे! काही ऐकू येत नाही!"

"मी हळू चावतोय!"

"तू हळू चावतोस तेव्हाच जास्त आवाज होतो!"

लोखंडी चुलीवरच्या फळीवर, वाळत घातलेल्या मोज्यांच्या शेजारी रेडिओ बसला होता. गेले काही दिवस त्याचा आवाज पेंगुळल्यासारखा येत होता.

"...त्राइकेन बेटावरच्या बार्रिया कुटुंबाला निरोप. गाय व्याली. कालवड झाली. दोघींची तब्येत उत्तम. कोइमो बेटावरचे डॉन सांदालिओ कोलिवोरो यांना निरोप. तुमची मुलगी मिरियम कळवते, की तिचं जहाज या आठवड्यात माल उतरवायला..."

खर्रर्र. आणि मग काहीच नाही.

डॉन सांदालिओ म्हणजे आजोबा, आणि मिरियम म्हणजे रोमिनाची आई. मासळी डबाबंद करणाऱ्या एका मोठ्या जहाजावर ती कामाला होती, आणि चौदा महिने झाले, घरी आली नव्हती. जहाज माल उतरवायला कास्त्रो, दालकाउए नाही तर केयोन या तीनपैकी एका बंदरात यायचं, चार-पाच तास थांबायचं आणि परत निघून जायचं. कुठे आणि कधी हे कळलं तर आईला भेटता येणार होतं. नाही कळलं तर पुन्हा किती महिने, ते कोणी सांगावं!

आजोबांनी रेडिओला एक चापट मारली. मग दुसरी, जरा जोरात. रेडिओ गप्पच.

"सेल उतरलेत," आजोबा म्हणाले. "चुलीच्या कडेला शेकले की बोलेल."

"कालही शेकलेत, परवाही शेकलेत!" रोमिनाचा आवाज चढला. "आजोबा, तोवर निरोप संपतील!"

ती उठली आणि दाराबाहेर धावली. लाउतारो मागोमाग, तोंडात घास तसाच.

पहिल्या घरी रेडिओ बंद. दुसऱ्या घरी बंद. तिसऱ्या घरी रेडिओ चालू होता, पण त्यातून फक्त माशी गुणगुणल्यासारखा आवाज येत होता. चौथ्या घरी म्हातारे डॉन एउलोखिओ रेडिओ कानाला लावून बसले होते आणि तो बंद आहे हे त्यांच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

"सगळ्यांचे एकदम कसे बिघडतील?" रोमिना धापा टाकत म्हणाली.

"आपण बाबांना विचारू," लाउतारो म्हणाला. "त्यांना सगळं माहीत असतं. निदान त्यांना तसं वाटतं."

लाउतारोचे बाबा, म्हणजे रोमिनाचा निकानोर मामा, आपल्या घराच्या ओसरीत जाळं विणत बसला होता. हे घर दोन आठवड्यांपूर्वी टेकडीवर होतं. आता समुद्रकाठी होतं. सगळ्या बेटाने मिळून ओंडक्यांवरून, बैलांच्या सहा जोड्या लावून ते खाली ओढून आणलं होतं. अशी मिंगा झाली की घराच्या मालकाने सगळ्यांना पोटभर जेवण आणि मन भरेपर्यंत नाच द्यायचा असतो. मामाने दोन्ही दिलं होतं, आणि त्याचा अभिमान त्याच्या चेहऱ्यावरून अजून उतरला नव्हता.

"स्टेशनचा मनोरा पडला असणार," मामा ठामपणे म्हणाला. "उत्तरेचा वारा बघताय ना?"

"मनोरा पडला तर बोलता बोलता आवाज बसत जाईल का, मामा?"

"मनोरा हळूहळू पडला असेल!"

"मग आपण तुमच्या होडीने त्राइकेनला जाऊ या ना! तिथे कोणीतरी निरोप ऐकला असेल."

"या वाऱ्यात? पोरी, उद्या दुपारपर्यंत होडी पाण्यात घालणार नाही मी. निरोप उद्या बाराला पुन्हा वाचतील. दोन दिवस वाचतात."

"आणि रेडिओ?"

"रेडिओ हवेने बिघडलेत. समुद्राची हवा. मी काय करू?"

हवा काय आज खारट झाली होती? रोमिनाला मामाचा राग आला, पण मोठ्या माणसांशी वाद घालून वारा पडत नसतो, हे तिला ठाऊक होतं.

घरी येऊन तिने आजोबांचा रेडिओ टेबलावर उलटा ठेवला आणि मागचं झाकण उघडलं.

"ई!" लाउतारो ओरडला. "याला काय झालंय?"

आत पांढरट-हिरवी बुरशी माजली होती. स्प्रिंग गंजून काळी पडली होती. एका सेलच्या बुडातून चिकट पाणी सुटलं होतं आणि ते दुसऱ्या सेललाही लागलं होतं. तेवढ्यात मिल्याराय आत आली. ती दहा वर्षांची, कास्त्रोहून सुट्टीत आपल्या आर्मांदिना आजीकडे आलेली, आणि कुठल्याही घरात न विचारता शिरणारी.

"अय्या, हा तर आमचा सेल!"

"तुमचा कसा?"

"हा बघ लाल ठिपका! आजी नवे सेल आणले की लगेच ठिपका लावते. माझ्या आईचं नेलपॉलिश आहे ते. आई म्हणते बाटली हरवली, पण आजीने लपवली आहे."

रोमिनाने वाकून पाहिलं. न पाझरलेल्या सेलवर खरंच लाल ठिपका होता. आजोबांच्या रेडिओत आर्मांदिना आजीचा सेल! आजोबा कोणाच्या परसातलं सफरचंदसुद्धा न विचारता उचलत नसत.

"आजोबा, हा कुठून आला?"

आजोबांनी डोकं खाजवलं. "मिंगेच्या नाचाला टेपसाठी सेल दिले होते सगळ्यांनी. निकानोरने परत आणून दिले. मोजून दोन."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"टेपमध्ये आठ सेल बसतात," लाउतारो हळूच म्हणाला. "मीच घातले होते. मध्यरात्री आवाज बसला तेव्हा बाबांनी ते काढले आणि दुसरे आठ घातले. त्यावर चारच गाणी झाली, मग डॉन एउलोखिओ नाचता नाचता बाकावर पडले आणि नाच थांबला."

"आणि काढलेले आठ?"

"पोत्यात."

"आणि नंतरचे आठ?"

लाउतारो खाली बघत म्हणाला, "त्याच पोत्यात. बटाट्याच्या."

म्हणजे पोत्यात आठ सेल पार मेलेले, आठ जवळजवळ कोरे, आणि मामाने हात घालून प्रत्येक घरी दोन-दोन वाटले! रोमिनाला हसावं की रडावं कळेना. बेटावर रेडिओ का मेले ते आता उघड होतं. पण कारण कळल्याने रेडिओ थोडाच बोलतो?

"आजीकडे चला," मिल्याराय म्हणाली. "आजीचा रेडिओ चांगला आहे."

"मग मघाशीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही. आणि त्यात सेल नाहीत."

आर्मांदिना आजीचे यजमान दीपगृहाचे रखवालदार होते. ते जाऊन सात वर्षं झाली, पण दीपगृहाची शिस्त मात्र घरात राहिली होती. तिच्या खिडकीत दोन सेल उभे होते, एका बशीत, शिक्षा झाल्यासारखे.

"हे निकानोरने आणून दिले," आजी म्हणाली. "मी म्हटलं, हे माझे नाहीत. तो म्हणतो, सेल तो सेल. मी म्हटलं, ज्याचं कूळ माहीत नाही तो सेल माझ्या रेडिओत जाणार नाही! हसला मला."

"पण आजी, दुसरे सेल घातल्याने काय होतं?"

"अगं, एक ताजा आणि एक मेलेला असे पाठोपाठ लावले ना, की ताजा मेलेल्याला ढकलत राहतो. मेलेल्याला झेपत नाही. मग त्याचं कवच खाल्लं जातं आणि तो आतलं पाणी ओकतो. त्यात तुम्ही लोक त्याला चुलीवर शेकवता! ते पाणी लोखंड खातं, तांबं खातं. आमचे हे सांगायचे, वापर झाला की सेल बाहेर काढायचे. ऐकतं कोण?"

रोमिनाने खिशातून फडक्यात गुंडाळलेला ठिपक्याचा सेल काढला. "आजी, हा तुमचा. दुसरा मिळाला तर तुमचा रेडिओ चालेल?"

आजीने सेल उलटसुलट पाहिला. "माझे दोन्ही कोरे होते, आणि हा पाझरलेला नाही, म्हणजे नाचातही फार वापरला गेला नसणार. चालायला हवा. पण दुसरा शोधणार कुठे?"

"उरलेल्या घरांत!" तिघं एकदम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून त्यांनी घरं पालथी घातली. वारा अजून दारं आपटत होता. एका घरात मालकीणबाईंनी रेडिओ उघडू दिला, पण आधी तिघांना बटाट्याचे तळलेले मिल्काओ खायला लावले, आणि लाउतारोने त्यात वीस मिनिटं घालवली. एका घरात रेडिओवर मांजर झोपलं होतं आणि ते उठायला तयार नव्हतं. सगळीकडे झाकण उघडलं की तेच दृश्य : पांढरी-हिरवी बुरशी, चिकट पाणी, खाल्लेली पट्टी. लाल ठिपका मात्र कुठेच नाही.

अकराला पाच मिनिटं कमी होती. सगळी घरं संपली होती. एक सोडून.

"आमचं," लाउतारो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. "आमच्या रेडिओला हात लावला तर बाबा हात मोडतील. परवापासून तर कोणाला जवळही जाऊ देत नाहीत."

"का?"

"बंद पडलाय म्हणून! त्यांचाही बंद पडला हे कोणाला कळायला नको त्यांना. येता-जाता रेडिओला कान लावतात आणि मान डोलावतात."

मिल्याराय खो-खो हसली. रोमिना हसली नाही. आईचा निरोप त्या झाकणाआड अडकला होता आणि घड्याळ पुढे चाललं होतं. विनवण्या करून मामा ऐकणार नव्हता. त्याला काय आवडतं, याचा तिने विचार केला. फार विचार करावा लागला नाही.

मामा घरात रेडिओसमोरच बसला होता.

"मामा," रोमिना गरीब चेहरा करून म्हणाली, "आजोबांना सेल नीट शेकता येत नाहीत."

"म्हाताऱ्याला काय येणार!" मामा म्हणाला. "तो नुसते चुलीवर ठेवून देतो. त्यालाही पद्धत असते."

"गावात म्हणतात, अशी पद्धत फक्त तुम्हालाच जमते. डॉन एउलोखिओ मात्र म्हणाले, निकानोरला काही येत नाही, नुसता फुगा आहे."

"असं म्हणाला तो?"

"मी नाही म्हटलं, डॉन एउलोखिओ म्हणाले," रोमिना घाईघाईने म्हणाली. खरं तर डॉन एउलोखिओ काहीच म्हणाले नव्हते, कारण ते अजून रेडिओ कानाला लावून बसले होते.

"बघा रे," मामा उठला. "नीट बघा आणि त्या एउलोखिओला जाऊन सांगा. आधी सेल असे बाहेर काढायचे..."

त्याने ऐटीत झाकण उघडलं. आतून हिरवट पाणी ओघळलं आणि त्याच्या पँटवर पडलं. एक सेल बाहेर आला. दुसरा आलाच नाही, बुरशीत चिकटून बसला होता. बाहेर आलेल्या सेलवर, घाणीतून, लाल ठिपका डोकावत होता.

"हा आमचा!" मिल्याराय किंचाळली आणि झडप घालायला निघाली.

"उघड्या हाताने नको!" रोमिनाने तिला मागे ओढलं, फडकं पुढे केलं, सेल गुंडाळला, आणि तिघं पळत सुटली. मामा ओल्या पँटकडे बघत उभाच राहिला.

आजीच्या स्वयंपाकघरात घड्याळ साडेअकरा दाखवत होतं.

"हात पुढे," आजी म्हणाली. तिने रोमिनाला भांडी घासायचे रबरी हातमोजे दिले. "तोंडाला, डोळ्याला हात लावायचा नाही. आणि तू काय करतोयस रे?"

"सेलमध्ये जीव आहे का बघतोय," लाउतारो म्हणाला. सेल जिभेजवळ नेण्याच्या बेतात होता तो. आजीने लाकडी चमचा त्याच्या मनगटावर मारला.

"आई गं!"

"जीभ हवी असेल तर तोंड मिट! नाही तर आयुष्यभर मिल्काओची चव विसरशील."

खाण्याचा सोडा वाटीत थोड्याशा पाण्यात कालवला. रोमिनाने काडीला कापूस गुंडाळून तो सेलच्या टोकांना लावला. फस्स करून बारीक फेस आला.

"आंबट पाणी मरतंय ते," आजी म्हणाली. "फेस थांबेपर्यंत लाव. मग ओल्या फडक्याने पूस. मग कोरड्या. मग पुन्हा कोरड्या."

"आजी, बारा वाजायला सात मिनिटं!"

"ओला सेल रेडिओत घातलास तर पुढची सात वर्षं निरोप नाही. पूस."

रोमिना पुसत होती. तिने घाई केली नाही. आजीने टोकं बारीक पॉलिश पेपरने घासायला लावली. आत चकचकीत धातू दिसायला लागला. दारात आजोबा येऊन उभे राहिले होते. त्यांच्या मागे शेजारीपाजारी, आणि सगळ्यांत मागे, दुसरी पँट घालून, निकानोर मामा.

आजीचा रेडिओ आतून लख्ख होता. रोमिनाने पहिला सेल घातला, मग दुसरा. झाकण लावलं, बटण फिरवलं.

काही नाही.

"उलटा घातलायस दुसरा," आजोबा म्हणाले.

तिने तो फिरवून घातला, आणि रेडिओतून एकदम एवढा मोठा आवाज आला की मिल्याराय स्टुलावरून पडली.

"...बारा वाजलेत. आता निरोप. लिउकुराच्या डॉन रोसेन्दोंना निरोप, बैल मिळाला, शोधू नका. कोइमो बेटावरचे डॉन सांदालिओ कोलिवोरो यांना निरोप. तुमची मुलगी मिरियम कळवते, की तिचं जहाज या आठवड्यात माल उतरवायला केयोनला येत आहे, गुरुवारी सकाळी दहाला, आणि तीनला परत निघेल. जमलं तर रोमिनाला घेऊन या. नाही जमलं तर ती समजून घेईल."

रोमिनाला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

"गुरुवार म्हणजे उद्या," आजोबा म्हणाले, आणि मागे वळून आपल्या मुलाकडे पाहिलं.

मामाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. "मी मोजून दोन दिले होते," तो पुटपुटला. "एक कमी नाही, एक जास्त नाही..."

"मोजलेस रे, बघितले नाहीस!" आजी म्हणाली. "निकानोर, तुझ्या डोक्याच्या दुप्पट अक्कल या तिघांकडे आहे, आणि त्यातला एक तर तुझाच मुलगा. बेटावरचे बाकीचे सात रेडिओ आता तू साफ करायचेस. सोडा मी देते. मिल्याराय बघेल नीट केलेत का."

"मी कडक आहे हं," मिल्याराय जमिनीवरूनच म्हणाली.

"करीन," मामा म्हणाला. "आल्यावर करीन." मग दाराबाहेर डोकावून त्याने आकाश बघितलं. वारा पडत होता. "रोमिना, गरम कपडे घे. आत्ता भरतीबरोबर निघालो तर संध्याकाळपर्यंत वाटेवरच्या तुझ्या मावशीकडे पोचू, रात्री तिथे मुक्काम, आणि सकाळी केयोन. लाउतारो, इंजिनाचं तेल आण. आणि आज मोजू नकोस, नीट बघून आण!"

आजोबांनी हॅट काढून आजीपुढे मान लववली. मग रोमिनाच्या डोक्यावर हात ठेवला. "मी तर चुलीवर शेकत बसलो असतो," ते म्हणाले. आजोबांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच झालं.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला मामाची होडी केयोनच्या धक्क्याला लागली. मोठं जहाज उभं होतं, करडं आणि गंजलेलं, आणि शिडीवरून पांढऱ्या बुटांतल्या बायका एकेक करून उतरत होत्या. रोमिना आजोबांच्या पुढे उभी होती. आठवीपर्यंत वाढायची थांबणार नाही असं आजोबा म्हणायचे, आणि या चौदा महिन्यांत ती खरंच वीतभर वाढली होती.

आई उतरली. बारीक झालेली, केस कापलेले. तिने गर्दीवरून नजर फिरवली. ती नजर रोमिनाच्या चेहऱ्यावरून सरकून पुढे गेली, मग खाली, आजोबांच्या कमरेपाशी गेली, आणि तिथे काही दिसलं नाही तशी थांबली. तिचा चेहरा पडला.

"आई!" रोमिनाने हाक मारली. "इथे बघ! वर बघ, वर!"

आईने वर बघितलं. तिचं सामानाचं बोचकं हातातून सुटून धक्क्यावर पडलं, आणि ते उचलायचं कोणाच्याही लक्षात आलं नाही.